वन्संनी वाचून दाखवलेले आकडे

आमच्या वन्संना फोन ठेवता येत नसे. हात थरथरतात वगैरे काही नाही, बाई चांगल्या ठणठणीत आहेत. पण समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. चुकून नंबर लागलेला माणूससुद्धा त्यांच्याकडून दोन मिनिटं आस्थेने चौकशी करून घ्यायचा आणि मगच सुटायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नणंद बोलघेवडी दिसतेय, आता आपलं काही खरं नाही. कसलं काय! एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलतील तर शपथ.

चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. जिन्याखालची खोली, खिडकी नाही, डोक्यावर करकरणारा पंखा, समोर लुकलुकणारे दिवे आणि कानाला हेडफोन. आतले दोनशे बारा नंबर तोंडपाठ. तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचं, आणि कोणी नंबर सांगितला की तो एकेक आकडा सुटा करून परत वाचून दाखवायचा. चार. शून्य. सात. त्यांच्या आधीच्या बाईंच्या काळात म्हणे एका आकड्याच्या चुकीने रक्तपेढीचा फोन धुलाईघरात लागला होता. चूक त्या बाईंची, धसका घेतला आमच्या वन्संनी. घरी इलेक्ट्रिशियनने नंबर दिला तरी या त्याला तो परत वाचून दाखवणार. आमची लेक चिडवायची, "आत्या, तुला कोणी प्रेमपत्र पाठवलं असतं ना, तर तू ते त्यालाच परत वाचून दाखवलं असतंस." वन्सं तोंडावर हात ठेवून हसायच्या.

लग्न राहून गेलं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या दोन खोल्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत वन्संचा दिवाण, तिथेच टीव्ही, तिथेच माझं शिलाई मशीन. मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे वर्षातले सहा महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते. आल्यागेल्याने बसायचं ते त्या दिवाणावरच. घरातलं सगळं आवरल्याशिवाय त्या बाईला पाठ टेकता यायची नाही. दुपारी डोकं दुखलं तरी भिंतीला टेकून बसून राहायच्या. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं कपाट नव्हतं, दिवाणाखाली एक बॅग होती. पण तक्रार? नाव नको.

आणि अशी ही बाई निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मी एक खोली बघितलीय. स्वतःची. विकत."

आमचे हे तर बघतच राहिले. "ताई, कुठे? कधी? कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं?" वन्सं म्हणाल्या. बरोबरच होतं म्हणा.

शनिवारी मला दाखवायला घेऊन गेल्या. तिसरा मजला, एकच खोली, कोपऱ्यात ओटा, पूर्वेला खिडकी. तिथे राहणारे म्हातारे गृहस्थ मुलाकडे जाणार होते म्हणून विकत होते. वन्संनी आतून कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. "बघ," म्हणाल्या, "लागते." एवढंच. साठ वर्षांच्या बाईच्या तोंडावर तसा आनंद मी आधी पाहिला नव्हता. चौतीस वर्षांचा सगळा पैसा त्यात जाणार होता. गुरुवारी कागद व्हायचे होते, त्यासाठी मुदत ठेव मोडून सगळी रक्कम त्यांनी साध्या खात्यात आणून ठेवली होती.

आता मी काय करावं? चांगलं म्हणावं, गप्प बसावं. पण माझी जीभ! आम्हाला न सांगता ठरवलं याचाच मला राग आला होता. म्हटलं, "लिफ्ट नाही. तुमचे गुडघे कुरकुरतात. पाणी एक तास येतं म्हणतात. आणि एवढे पैसे एकदम घालवायचे म्हणजे..."

वन्सं दारातच थांबल्या. "तुझी टेप मी पाहिलीय," म्हणाल्या. "परवा माझा दिवाण मोजत होतीस ना? मशीन नीट बसेल तिथे. तेवढ्याचा आनंद मान, आणि माझ्या पैशात नाक खुपसू नकोस."

मी मोजलं होतं. मोजलं होतं खरंच! कटिंगचं टेबल बसेल का तिथे, एवढंच बघत होते. पण पकडली गेले ना, म्हणून जास्तच झोंबलं. परत येताना बसमध्ये दोघी दोन खिडक्यांशी बसलो. रविवार अबोल्यात गेला. ताट वाढायचं ते आदळून, पाणी मागायचं ते भिंतीकडे बघून. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालंय?" दोघी एकदम म्हणालो, "कुठे काय?"

सोमवारी अकराच्या सुमाराला वन्संच्या मोबाइलवर मेसेज आला. तो मी नंतर इतक्या वेळा वाचलाय की झोपेत म्हणून दाखवीन. ग्राहकांनी आपली माहिती अद्ययावत न केल्यामुळे खाते चोवीस तासांत बंद होईल, व्यवहार थांबतील, खालील दुव्यावर जा. खाली निळ्या अक्षरांत पत्ता. त्यात बँकेचं नाव होतं, पण नावापुढे भलतंच शेपूट जोडलेलं. हे आपल्याला आज दिसतं. त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं, की गुरुवारी पैसे द्यायचेत आणि खातं मंगळवारी बंद होतंय. एरवी असलं काही आलं तर त्या लेकीला दाखवायच्या, पण ती कॉलेजात. मी होते चार हातांवर, मला दाखवायचं तर अबोला मोडावा लागणार. त्यांनी चष्मा लावला आणि दुवा उघडला. पान हुबेहूब बँकेचं, तोच रंग, तेच चिन्ह. नाव, खाते क्रमांक, कार्डाचा क्रमांक, पासवर्ड, सगळं भरलं. एकेक आकडा तपासून.

दहा मिनिटांत फोन आला. तिसऱ्या घंटीच्या आत उचलला हे सांगायला नकोच.

मशीन चालू होतं, त्याच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. मी असं नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, पोलिसांना लिहून दिलं. ते खोटं आहे. मी सगळं ऐकत होते.

तो माणूस काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण वन्सं बोलत होत्या ते स्पष्ट येत होतं. बोर्डावरचा आवाज, खणखणीत. "हो, बोलतेय. हो, माहिती भरली मी. गुरुवारी मला खोलीचे पैसे द्यायचे आहेत हो, तोवर खातं बंद होऊन चालणार नाही." गुरुवार त्याला कुठून कळला म्हणून पोलिसांनी पुढे विचारलं. त्यांनीच सांगितला होता. मग त्याने तोच गुरुवार धरला आणि दर दोन वाक्यांना त्यांच्यापुढे नाचवला.

मग त्यांच्या मोबाइलवर टिंग वाजलं आणि त्या वाचू लागल्या. "आठ. एक. एक. सहा. शून्य. पाच."

माझा पाय मशीनवरून उठला. टाक्यात सुई तशीच राहिली. मला कळलं होतं हो! पूर्ण नाही, पण पुरेसं. बँक फोनवर आकडा विचारत नाही, तो आकडा म्हणजे तिजोरीची किल्ली, हे आमच्या लेकीने मला दहा वेळा बजावलं होतं. कारण मी वेंधळी, मीच फसणार असा तिचा अंदाज.

पुन्हा टिंग. वन्सं थांबल्या. मग जरा मोठ्या आवाजात फोनमध्ये म्हणाल्या, "पण इथे लिहिलंय, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. बँकेच्या कर्मचाऱ्यालाही सांगू नका, असं लिहिलंय."

तिकडून तो काहीतरी बोलला.   त्या खोलीत तेव्हा कसलाच आवाज नव्हता. उठायला मला दोन पावलं पुरली असती. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? नाक खुपसू नकोस म्हणाल्या होत्या ना, आता निस्तरा. शहाण्या आहात ना! एवढ्याशा रागासाठी मी मूग गिळून बसले. मी पाय ठेवला आणि मशीन सुरू केलं. बाहीची शिवण होती, ती सरळ मारली. मागे वन्संचा आवाज पुन्हा सुरू झाला. तीन. नऊ. नऊ. त्यानंतर आणखी चार वेळा टिंग वाजलं.

फोन पावणेदोन तास चालला. मध्ये मी आत जाऊन भांडी घासली. रक्कम गेल्याचे मेसेज यायला लागले तेव्हा तो म्हणाला होता, घाबरू नका, ही तपासणी आहे, संध्याकाळी सगळं परत दिसेल, दोन तास मोबाइलला हात लावू नका. शेवटी त्यानेच फोन ठेवला. वन्संनी चष्मा काढला, पुसला आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "चला. गुरुवारची अडचण मिटली." मी धागा तोडला.

लेक पाच वाजता आली. तिने मोबाइल हातात घेतला आणि दारातच खाली बसली, पायातल्या चपलांसकट. खात्यात दोन वेळचा चहा होईल एवढे उरले होते. कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावून तिने खातं गोठवलं, पासवर्ड बदलले. बैल गेला आणि झोपा केला. आमचे हे घरी आले, आधी ओरडले, "ताई, तुला अक्कल नाही का?" आणि मग एकदम बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले, तर रडत होते. तेव्हा तरी सांगावं ना मी. नाही सांगितलं. म्हटलं, "मशीन चालू होतं, नाहीतर मी..." ते म्हणाले, "तुझी काय चूक."

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. काउंटरवरची बाई चष्मा नाकावर ओढून म्हणाली, "आकडे तुम्हीच सांगितलेत ना?"

"हो."

"सांगू नका असं त्यातच लिहिलेलं असतं ना, आजी?"

"मी कोणाला सांगितले नाहीत," वन्सं म्हणाल्या. "बँकेलाच सांगितले."

ती बाई वाईट नव्हती. तिने रांग थांबवली आणि समजावून सांगितलं. बँक दुवा पाठवून माहिती मागत नाही, फोनवर आकडा विचारत नाही. घाई करणारा, आज-आत्ता-नाहीतर म्हणणारा मेसेज आला की तिथेच थांबायचं, आणि शंका आली तर पासबुकावरचा नंबर आपण स्वतः लावून विचारायचं. वन्संनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "पासबुकावर नंबर असतो?" बाईने पान उघडून दाखवलं. वन्संनी तो नंबर मोठ्याने वाचला, सवयीने. मागे रांगेत कोणीतरी हसलं. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं मला, आणि त्याहून माझं.

पोलिसांत तक्रार झाली. ऑनलाइन फसवणुकीसाठी वेगळी खोली होती, तिथे आमच्यासारखी अकरा माणसं बाकावर बसलेली. साहेबांनी सांगितलं की बहुतेक पैसे पाच-सहा खात्यांतून फिरून बाहेर गेलेत. पण चौथा हिस्सा एका खात्यात अडकवून ठेवता आलाय. "त्याची चौकशी झाली की आमचा फोन येईल, मग कागद घेऊन या." वन्संनी मान हलवली. खोलीच्या म्हाताऱ्या गृहस्थांना निरोप दिला. ते म्हणाले, चौथा हिस्सा आला तर तेवढा आधी द्या, उरलेल्यासाठी तुमचा भाऊ कर्ज काढत असेल तर मी दोन महिने थांबतो. भला माणूस. आमचे हे कर्जाचा अर्ज घेऊनही आले. म्हणजे अजून धुगधुगी होती.

आणि मग मी वन्संना शिकवायला बसले. गुन्हेगाराला जसं काहीतरी करून दाखवावंसं वाटतं, तशी. अबोला सुटलाच होता. मी म्हटलं, "हे बघा, अनोळखी नंबर उचलायचा नाही. चुकून उचललात आणि तो बँक म्हणाला, पोलीस म्हणाला, कोणीही म्हणाला, तर लगेच कापायचा. ऐकत बसायचं नाही." त्या म्हणाल्या, "मला जमत नाही गं. माणूस बोलत असताना कसा कापायचा?" मी म्हटलं, न जमायला काय झालं? मी स्वयंपाकघरातून लेकीच्या फोनवरून त्यांना फोन लावायची, "नमस्कार मॅडम, बँकेतून बोलतोय" असं जाड आवाज काढून म्हणायची, आणि त्यांनी कापायचा. पहिल्या दिवशी "माफ करा हं" म्हणून कापला. लेक हसून गडाबडा लोळली, वन्संही हसल्या. आठवडाभर सराव केला. शेवटी कापायला शिकल्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, असं मीच त्यांना सुनावत होते.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी त्या मला कौतुकाने म्हणाल्या, "आज एक सारखा फोन करत होता. पोलीस म्हणे. चार वेळा कापला मी."

मी म्हटलं, "शाब्बास!"

असंच म्हटलं मी. शाब्बास. कापा म्हणून शिकवलं, पण कापल्यावर तक्रारीच्या कागदावरचा नंबर आपण लावून विचारायचा, हे शिकवायचं राहिलं. ते बँकेतल्या बाईने सांगितलं होतं, मीही तिथे उभी होते. पालथ्या घड्यावर पाणी.

महिन्याने पत्र आलं. अडकवलेल्या रकमेवर आणखी दोघांचा दावा होता. त्यांनी मुदतीत कागद दिले. आपल्याशी फोनवर वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद न मिळाल्याने, वगैरे वगैरे. लेक पत्र घेऊन धावत त्या ऑफिसात गेली, साहेबांशी भांडली. साहेब म्हणाले, आणखी एक अर्ज द्या. दिला. त्याचं उत्तर अजून यायचंय. खोली विकली गेली, एका जोडप्याने घेतली. म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतः येऊन सांगितलं, दिवाणावर बसले, पाणी प्यायले आणि गेले.

त्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोकं दुखत होतं त्यांचं. दिवाणावर माझ्या चाळीस पँटींचा ढीग होता, म्हणून आडवं होता येत नव्हतं. मी तो उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, घडी मोडेल." मला ते सहन झालं नाही. मी ढीग उचलून जमिनीवर टाकला आणि तिथेच त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "वन्सं, मी ऐकत होते. त्या दिवशी. मशीन चालू होतं म्हणून सांगितलं सगळ्यांना, ते खोटं होतं. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. तुमच्यावर राग होता म्हणून."

वाटलं, आता मारतील. मारावं असंच वाटत होतं.

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "मशीन थांबलं होतं तुझं."

मी खाली, पँटींच्या ढिगाशेजारी बसले.

"ते कोणाला सांगू नका लिहिलेलं होतं ना, ते त्याला कशाला वाचून दाखवू मी? त्यानेच तर पाठवलं होतं, असं मला वाटत होतं." वन्सं सावकाश बोलत होत्या, नेहमीच्या आवाजात. "तुला ऐकू यावं म्हणून मोठ्याने वाचलं. अबोला होता ना गं, सरळ विचारवेना. म्हटलं, काही वावगं असेल तर ही उठेल. मग तू मशीन सुरू केलंस. मला वाटलं, ठीक असणार."

त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.